पाचगणीतलं महिनाभाड्याचं घर: अकोला कायमचं सोडावं का, हे ठरवायला दोनदा राहून आलो

आधीच सांगते, हा चार दिवसांच्या ट्रिपचा रिव्ह्यू नाही. आम्ही दोघं या घरात २०२५ मध्ये एकदा १० एप्रिलपासून महिनाभर राहिलो आणि परत ५ जुलैपासून महिनाभर, आणि गेलो ते फिरायला नाही, तर अकोल्यातलं घर विकून कायमचं थंड हवेच्या गावी जावं का ते बघायला गेलो. त्यामुळे स्ट्रॉबेरी, टेबललँड, घोडे यातलं फारसं काही इथे मिळणार नाही. ज्यांच्या घरात वयस्कर माणूस आहे आणि दर उन्हाळ्यात "आता बास, इथून जाऊया" असं वाटतं, त्यांच्यासाठी लिहितेय, म्हणून लांबलंय, सांभाळून घ्या.

आमच्या ह्यांची बायपास झालीय, वय ६६. मे २०२४ चा शेवटचा आठवडा अकोलेकर विसरणार नाहीत, पारा ४५ च्या वर गेला होता आणि उन्हामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मे पर्यंत कलम १४४ लावलं होतं, क्लासेसना सुद्धा दुपारचे बंद ठेवायला सांगितलं होतं. त्याच दिवसांत एका दुपारी लाइट गेली, कूलर बंद, आणि हे बाथरूममधून बाहेर येता येता दाराला धरून खालीच बसले. घाम नाही, बोलणं अडखळतंय, मला वाटलं अटॅकच आला. शेजारच्या पोराने गाडी काढली म्हणून वेळेत पोचलो. तिथे कळलं की सोडियम खूप खाली गेलंय, लघवीच्या गोळ्या चालू, वरून ऊन, खाणं कमी, सगळं एकत्र आलं. चार दिवस अ‍ॅडमिट होते. डॉक्टर घरी सोडताना म्हणाले, "मॅडम, गोळ्या मी अ‍ॅडजस्ट करतो, पण चैत्र-वैशाखात यांना इथे ठेवू नका." तेव्हापासून हा विषय घरात सुरू झाला.

मुलगी पुण्यात आहे, ती म्हणाली इकडेच या. पण पुण्यातसुद्धा आता एप्रिलात पारा ४० च्या पुढे जातो, आणि तिचा फ्लॅट आठव्या मजल्यावर, पश्चिमेचं ऊन संध्याकाळी सातपर्यंत हॉलमध्ये. नाशिकचा विचार झाला. चिखलदरा तर आम्हाला सगळ्यात जवळचं, अकराशे मीटर उंचीवर, आपल्याच विदर्भातलं, कॉफी पिकते तिथे, माझा जीव खरं तर तिकडेच ओढत होता. दोन दिवस राहूनही आलो. पण महिनोनमहिने राहायला बरं असं भाड्याचं घर मिळेना, मेळघाटात उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते ती वेगळीच, आणि रात्री-अपरात्री काही झालं तर घाट उतरून परतवाडा, तिथून पुढे अमरावती, हे गणित मनाला पटेना. मग मुलीनेच हे पाचगणीचं घर शोधून काढलं. तिच्यापासून शंभरेक किलोमीटर, म्हणजे हाक मारली की दोन-अडीच तासांत येऊ शकते.

घर म्हणजे जुन्या बंगल्याच्या मागची दोन खोल्यांची कॉटेज. बाजारापासून चालत वीस मिनिटं, शेवटचा चढ ह्यांना एका दमात जमत नव्हता, मध्ये एक पार आहे तिथे बसून मग पुढे. एक बेडरूम, एक बाहेरची खोली, स्वयंपाकघर, पुढे ओटा. गॅस, कुकर, मिक्सर, दोन तवे, पोळपाट-लाटणं, सगळं होतं, मी फक्त माझा मसाल्याचा डबा आणि तुरीची डाळ घेऊन गेले. फ्रिज छोटा पण चालतो. गीझर आहे. एसी नाही, पंखा आहे, तो आम्ही पूर्ण महिन्यात दुपारचा पाच-सहा वेळा लावला असेल. भाडं एप्रिल-मे चं सीझन म्हणून महिना ३८ हजार, जुलैचं १६ हजार, लाइट मीटरप्रमाणे वेगळी, डिपॉझिट १० हजार. मालक सातारकडचे, बाजूच्याच बंगल्यात अधूनमधून असतात. बघणारे एक दादा आणि वहिनी आवारातच राहतात, त्यांची स्ट्रॉबेरीची थोडी शेती पण आहे.

अकोल्याहून जायचं म्हटलं तर गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आहे, ती थेट सातारला जाते, दुपारी बसलो की दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलो. सातारा स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे हे लक्षात ठेवा, रिक्षावाले तिथे जास्त मागतात. दादांनी ओळखीची गाडी पाठवली होती, पाचवड फाट्यावरून वाई आणि मग पसरणीचा घाट. वाईला गाडीची काच खाली केली तर तीच गरम हवा, माझ्या पोटात गोळा आला की हे काय, इतक्या लांब येऊन इथे पण तेच. पण घाटाची वळणं चढायला लागलो तशी हवा बदलत गेली, आणि वर आल्यावर ह्यांनी न सांगता मानेवरचा ओला रुमाल काढून खिशात ठेवला. मार्चपासून तो रुमाल गळ्याबाहेर निघाला नव्हता हो.

पहिल्या रात्रीचं सांगते. साडेनऊला जेवण झालं, पांघरूण घेऊन झोपलो, एप्रिलात पांघरूण! आणि मला काही केल्या झोप लागेना. काय चुकतंय कळेना. मग लक्षात आलं, कूलरचा आवाज नाही. लग्न झाल्यापासून उन्हाळ्यातली एकही रात्र मी त्या घरघरीशिवाय काढली नव्हती, मध्ये उठून टाकीत पाणी आहे का बघायचं, ताट्यांचा ओला वास, उशी एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने तापलेली. इथे इतकं शांत की ह्यांचा श्वास ऐकू येत होता. तो मी बराच वेळ ऐकत पडले. बायपासनंतर मला तशी सवयच लागलीय, पण त्या रात्री तो एकसारखा, संथ चालला होता, आणि सकाळी साडेसहापर्यंत माणूस कुशीवरून वळलं सुद्धा नाही.

ही रात्रीची गोष्ट महत्त्वाची आहे. आपण सगळे दुपारचा आकडा बघतो, अकोला ४४, पाचगणी ३४, दहा अंशांचा फरक. पण दुपारी माणूस घरात बसून, पन्हं पिऊन, पडदे ओले करून कसंबसं निभावतं. खरी कसोटी लागते ती रात्री. आमच्याकडे वैशाखात रात्री दोनला सुद्धा भिंतीला हात लावला तर गरम लागते, शरीराला सावरायला वेळच मिळत नाही, आणि हार्टच्या पेशंटला तेच भारी पडतं असं डॉक्टरांनी समजावलं होतं. मी घरचं थर्मामीटर घेऊन गेले होते, ओट्यावर सावलीत टांगलं होतं आणि रोज वहीत लिहीत होते. दुपारी ३१ ते ३४, दोनच दिवस ३५ ला टेकलं. पहाटे १८, १९, कधी २०. त्याच दिवसांत अकोल्याहून जाऊबाई फोनवर सांगायच्या, ४३, ४४, आणि नळाला पाणी आलं नाही. ह्यांचं बीपी पहिल्या दहा दिवसांतच इतकं नीट यायला लागलं की डॉक्टरांना फोन केला, त्यांनी एक गोळी अर्धी केली.

हे का होतं तेही लिहिते कारण मला स्वतःला समजून घ्यायचं होतं, उगीच "हवा छान" म्हणून घर विकायचं नव्हतं. उंचीवर गेलं की दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंश उतरतात. अकोला समुद्रसपाटीपासून २८० मीटरच्या आसपास, पाचगणी जवळजवळ १३०० मीटर. म्हणजे नुसत्या उंचीनेच सहा-सात अंश गेले. बाकीचं काम पश्चिमेचं वारं करतं, समुद्र काही फार लांब नाही, दुपारी तीन-चारनंतर वारं सुटलं की ओट्यावर बसवत नाही इतकं गार. महाबळेश्वर जेमतेम १८-२० किलोमीटरवर, पण ते अगदी सह्याद्रीच्या कड्यावर, ढग आधी तिथे रिकामे होतात. म्हणून तिथे पाऊस साडेपाच-सहा हजार मिलिमीटर आणि पाचगणीला त्याच्या साधारण एक तृतीयांश. इंग्रजांच्या काळात जॉन चेसन नावाच्या माणसाने हे गाव वसवलं ते याच हिशोबाने, की महाबळेश्वर पावसाळ्यात राहण्यासारखं नाही, इथे बारा महिने राहता येईल. ती सिल्व्हर ओकची उंच झाडं जिकडेतिकडे दिसतात ती त्यांनीच आणून लावली म्हणतात. पुढे १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी टीबीच्या पेशंटसाठी बेल-एअर सॅनिटोरियम काढलं तेही इथल्या हवेसाठीच. म्हणजे तब्येतीसाठी इथे येऊन राहणारे आम्ही काही पहिले नाही.

तर एप्रिल असा गेला आणि आम्ही दोघं भाळलो. खरं सांगते, पंधराव्या दिवशी ह्यांनी अकोल्याच्या घराची काय किंमत येईल ते फोनवर विचारायला सुरुवात केली. आणि एकदा चौकशी केली की एजंट मागेच लागतात. एकाने तर गाडीत घालून नेलं, घाटाच्या खालच्या अंगाला एक जागा दाखवली, पाच गुंठे, दरी दिसते, "काका, उद्या टोकन द्या, परवा रेट वाढणार." कागद मागितले तर सातबाऱ्यावर शेतजमीन. शेतकरी नसलेल्या माणसाला आपल्याकडे शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही, आणि महाबळेश्वर-पाचगणी हा सगळा पट्टा २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, बांधकामाला, झाडतोडीला कडक नियम आहेत. हे त्या माणसाने एका शब्दाने सांगितलं नाही. आम्ही दोघंही मास्तर, आयुष्यभराची पुंजी एका टोकनमध्ये गेली असती. तुम्ही कोणी तिकडे जागा बघत असाल तर आधी सातबारा, मग झोन, मग वकील, आणि दरी सगळ्यात शेवटी.

इथे मला या घराच्या मालकांचं मनापासून कौतुक करायचंय. आम्ही त्यांना म्हटलं, तुमचीच कॉटेज वर्षभराच्या अ‍ॅग्रीमेंटवर द्या, महिन्याला काय ते ठरवू. दुसरा कोणी असता तर लगेच हो म्हणाला असता, गिऱ्हाईक पायाने चालत आलंय. ते म्हणाले, "काकू, वर्षाचं नंतर बोलू. आधी जुलैत येऊन एक महिना काढा, मी भाडं कमी घेतो." आणि दादा बाजूला उभे होते ते म्हणाले, "हितं जुलैत माणूस ऱ्हातो ते शेती आन् जनावरं हायेत म्हणून ऱ्हातो, काकू." मी तेव्हा मनात म्हटलं, पावसाचं काय एवढं, आमच्याकडे पाऊस पडला की आम्ही पेढे वाटतो. अकोल्याला वर्षाचा पाऊस साडेसातशे-आठशे मिलिमीटर, काटेपूर्णा धरण भरलं की गावभर आनंद, नळाला पाणी किती दिवसांनी यायचं ते त्यावर ठरतं. पाऊस जास्त म्हणजे त्रास, हे माझ्या डोक्यात बसूच शकत नव्हतं.

जुलै सांगते आता. पहिले तीन दिवस स्वर्ग. ढग ओट्यावर चढून येतात, समोरचं झाड दिसत नाही, कांदाभजी, चहा, मुलीला व्हिडिओ कॉल. चौथ्या दिवसापासून जे लागलं ते सोळा दिवस ऊन म्हणून दिसलं नाही. पाऊस धो धो असतो असं नाही, पण थांबत नाही, आणि थांबला की धुकं आत येतं. खिडकी उघडली तर धुकं, बंद केली तर कुबट वास. कपडे वाळत नाहीत म्हणजे काय ते मला कळलं, ह्यांचा एक सुती पायजमा धुतल्यावर सहाव्या दिवशी सुद्धा शिवणीत ओला. वहिनींनी शेगडी आणि एक मोठं टोपलं आणून दिलं, निखाऱ्यावर टोपलं पालथं घालायचं आणि त्यावर कपडे पसरायचे, सगळ्या कपड्यांना धुराचा वास पण निदान कोरडे. कपाटात बल्ब लावून ठेवायचा असतो हेही त्यांनीच सांगितलं. गावात सगळीकडे घरांच्या पश्चिमेच्या भिंतींना प्लास्टिकचे कागद, गवताचे झाप बांधलेले, एप्रिलात जे बंगले बघून डोळे निवले होते ते ओळखू येत नव्हते.

आणि एक सकाळ. ह्यांचं बीपी घ्यायला मी मशीनची पेटी उघडली, तर पट्ट्यावर पांढरी लव. बोटाने पुसली तर पावडरसारखी निघाली. चामड्याच्या चपलेवर बुरशी आली होती तेव्हा काही वाटलं नव्हतं, लोणच्याच्या बरणीच्या कडेला आली तेव्हा पण मी ती बरणी टाकून दिली आणि विसरले. पण तो दंडाला गुंडाळायचा पट्टा बघून माझे हातपाय गार पडले. मग गोळ्यांचा डबा उघडला, तो वारांचा असतो ना सात कप्प्यांचा, त्यात काढून ठेवलेल्या गोळ्या मऊ पडलेल्या, एक तर कप्प्याला चिकटलेली. तेवढ्यात आतून ह्यांचा खोकला. तो चार दिवसांपासून होता, मी मनावर घेतला नव्हता. त्या दिवसापासून गोळ्या स्ट्रिपमधून वेळेलाच काढायच्या असं ठरवलं, आणि उरलेल्या दिवसांत माझं मन तिथून उठलं ते उठलंच.

घराची उणीव पण याच महिन्यात कळली, ती स्पष्ट लिहिते. बेडरूमची पश्चिमेची भिंत पाझरते. एप्रिलात ती नुकती रंगवलेली होती, काही कळलं नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पलंगाच्या डोक्याशी ओल आली, मग ती खाली उतरत गेली, गादीची कड दमट झाली. आम्ही पलंग बाहेरच्या खोलीत ओढला आणि तिथेच झोपलो. शिवाय एकदा झाड पडून लाइट गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली, इन्व्हर्टर पाच तासांत बसला. मोबाइलला रेंज नाही. ती रात्र मी अक्षरशः देवाचं नाव घेत काढली, की आज ह्यांना काही होऊ दे नको. मालकांना भिंतीचं सांगितलं तर त्यांनी वाद घातला नाही, येऊन बघितलं, हात लावला, म्हणाले दोन वर्षांपूर्वी वॉटरप्रूफिंग केलं होतं, परत करावं लागेल, आणि शेवटी भाड्यातले चार हजार परत केले. न मागता. तरी मी म्हणेन की जुलैत वयस्कर माणसाला घर देताना भिंतीचं आधी सांगायला हवं होतं, हे त्यांना मी तोंडावर पण सांगितलं आणि इथेही लिहितेय.

दवाखान्याचं. साध्या तापा-खोकल्याला गावात सोय आहे, ह्यांचा खोकला तिथल्याच डॉक्टरांनी बरा केला, बेल-एअर हॉस्पिटल पण आहे. पण हार्टचं मोठं काही झालं तर घाट उतरून सातारा नाहीतर सरळ पुणे. एप्रिल-मेच्या शनिवार-रविवारी पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते, जुलैत धुक्यात पाच फुटांवरचं दिसत नाही, आणि दगड-माती खाली येते ते वेगळं. अकोल्यात आमच्या घरापासून ह्यांचे डॉक्टर रिक्षाने दहा मिनिटांवर, ते ह्यांना नावाने ओळखतात, रात्री फोन उचलतात. कायमचं जायचं म्हटलं की हवा एका पारड्यात आणि ही दहा मिनिटं दुसऱ्या पारड्यात, आणि माझ्यासाठी तरी दुसरं पारडं खाली गेलं.

आणि माणसं. हे कुठल्या हिशोबाच्या वहीत बसत नाही. एप्रिलात ह्यांना माणसांची आठवण आली नाही कारण रोज शेजारी नवे टुरिस्ट, बाजार फुललेला, संध्याकाळी पारशी पॉइंटला गेलं की कोणी ना कोणी बोलायला. जुलैत गाव अर्धं रिकामं, हॉटेलं बंद, बोर्डिंग शाळांची मुलं तेवढी रेनकोट घालून रांगेने जाताना दिसायची. दादा-वहिनी जिवाला जीव देणारी माणसं, पण त्यांची शेतं, त्यांची जनावरं. हे दिवसभर खिडकीशी बसून. एक दिवस मला विचारतात, "यंदा श्रावणातला शेवटचा सोमवार किती तारखेला गं?" मी म्हटलं १८ ऑगस्टला. पुढे काही बोलले नाहीत, पण मला कळलं. आमच्याकडे त्या दिवशी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी येतात राजराजेश्वराला, अख्खं गाव रस्त्यावर असतं, हे लहानपणापासून एकही वर्ष चुकलेले नाहीत. बायपासच्या वर्षी सुद्धा खुर्ची टाकून चौकात बसले होते. ५ ऑगस्टला आम्ही निघालो, आणि गाडीत बसल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून माझं उरलंसुरलं ठरून गेलं.

तर आम्ही अकोला सोडत नाही. घर विकत नाही. पण उन्हाळ्यात तिथे राहतही नाही. एप्रिलच्या सुरुवातीला पाचगणीला जायचं आणि पाऊस सुरू व्हायच्या आत परत यायचं, हे आमचं ठरलं. पाऊस कधी सुरू होईल हे पंचांग बघून ठरवता येत नाही हेही लक्षात आलं, २०२५ ला मान्सून २४ मेलाच केरळात पोचला आणि दोन दिवसांत महाराष्ट्रात, नवतपा (मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होतोय तोवर ढग आले. म्हणून परतीचं तिकीट एकच काढून बसू नका. एप्रिल-मे असं दोन महिन्यांचं भाडं धरलं तर ७६ हजार होतात, लाइट, गाडी, येणं-जाणं धरून लाखाच्या आसपास जातं. सगळ्यांना परवडेल असं नाही हे मला माहितीय, आम्हाला पेन्शन आहे म्हणून जमतंय. पण २०२४ च्या त्या चार दिवसांच्या अ‍ॅडमिटचं बिल आणि त्या दुपारी माझी जी अवस्था झाली ती आठवली की मला हे पैसे जड वाटत नाहीत. अकोल्याच्या घराला पण थोडं केलं, गच्चीला पांढरा चुना मारला, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूचे पडदे, आणि इन्व्हर्टरवर कूलर चालेल अशी वायरिंग, कारण मार्च तर तिथेच काढायचाय.

रेटिंग द्यायचं तर एप्रिल-मे साठी या घराला मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा गुण त्या चढाचा आणि बाथरूममध्ये धरायला दांडी नाही त्याचा कापला. (दांडीचं मालकांना सांगितलंय, बसवतो म्हणालेत.) जुलैसाठी दोन, आणि ते दोन सुद्धा दादा-वहिनींचे. तरुण असाल, घरून काम करत असाल, छाती ठणठणीत असेल, तर पावसाळा आवडेल सुद्धा, माझ्या भाच्याला मी सांगितलंय जा म्हणून, फक्त नेटचं बघून जा. पण हार्ट, दमा, सांधे यातलं काही असेल तर नको, बाप्पा.

ज्यांना हे घर किंवा असंच दुसरं महिन्याने घ्यायचंय त्यांच्यासाठी थोडं अजून. तब्येतीसाठी जात असाल तर आधी स्वतःच्या डॉक्टरांना विचारा, उंचीचं, गोळ्यांचं, आम्ही विचारूनच गेलो होतो. भिंतीला पाठ लावून बघा, कपाट उघडून वास घ्या, पाणी किती वाजता येतं आणि लाइट गेली तर इन्व्हर्टर किती तास टिकतो ते विचारा, रंग नवा दिसला की जास्त विचारा. मेडिकलवाल्याला तुमच्या गोळ्यांची यादी पहिल्याच दिवशी देऊन ठेवा, काही गोळ्या ते सातारहून मागवतात, दोन दिवस लागतात. तुरीची डाळ आपली आपण न्या, तिकडच्या आमटीला घट्ट वरणाची सर नाही, पण वहिनींच्या हातचा घेवडा मात्र नक्की खा. आणि ज्या गावी कायमचं जायचं मनात आहे तिथे त्या गावाच्या सगळ्यात वाईट महिन्यात राहून या, दुसऱ्या कोणी आम्हाला हे सांगितलं नव्हतं, ज्याचं भाडं बुडणार होतं त्या मालकांनीच सांगितलं.

आमचं यंदाचं बुकिंग ५ एप्रिलपासूनचं झालंय. बेडरूमची भिंत नव्याने वॉटरप्रूफ केल्याचा फोटो दादांनी पाठवलाय, आणि वहिनींनी विचारलंय, काकू, येताना वाळवणाच्या मुगवड्या आणाल का. चार किलोच्या घालून झाल्यात, गच्चीवर वाळतायत.